भिजलेले बूट

जूनमध्ये घेतलेले काळे बूट गणपतीपर्यंत तोंड उघडतात, हे बेळगावच्या पालकांना नवे नाही. आपण दुकानदाराला नावे ठेवतो. पण आम्हां पालकांचीही घाई नडते. भिजलेला बूट रात्री चुलीजवळ ठेवला की चामडे तडकते आणि चिकटवलेला तळ सुटतो. त्यापेक्षा चिखल पुसून सुकतळा बाहेर काढावा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, ओले झाले की बदलावेत आणि बूट पंख्याखाली ठेवावा. (कालचा पेपर आमच्या घरी असाच कामी येतो.) पॉलिश पूर्ण वाळल्यावरच. टाका उसवला तर त्याच दिवशी मोच्याकडे न्यावा.

एवढे करूनही आपल्याकडच्या पावसात बूट एका रात्रीत वाळत नाही. मग मूल ओल्या मोज्यांत दिवसभर बसते आणि बोटांच्या बेचक्या कुजतात. दुसरा जोड सर्वांनाच परवडत नाही. म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे, की जून ते ऑगस्ट प्लास्टिकच्या सँडल चालू द्याव्यात, आणि बूट नाहीत म्हणून कोणाला प्रार्थनेच्या रांगेतून बाजूला काढू नये.

तोवर बूट घरी उघड्या फळीवर राहतील. पिशवीत बांधून मात्र ठेवू नका, बुरशी धरते.