‘असूनही’ हा शब्द खोडून वाचा

श्रीगोंद्याचे शेख महंमद हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या भाषणात ऐकले असेल. धार्मिक सलोख्याची यादी निघाली की कबीराच्या पाठोपाठ ते येते, टाळ्या पडतात, विषय संपतो. त्यांचा ‘योगसंग्राम’ किती जणांनी उघडला? मीही गेल्या वर्षापर्यंत उघडला नव्हता.

उघडला तो चिडून. एका चर्चासत्रात एक विद्वान वक्ते म्हणाले, मुसलमान असूनही त्यांनी मराठीत केवढा मोठा ग्रंथ लिहिला! सभागृहाने माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर त्याची लाज वाटली. श्रीगोंद्यात राहणारा माणूस मराठीत नाही लिहिणार तर कशात?

ग्रंथ सोपा नाही, हे आधीच सांगतो. 1645 साली पूर्ण झालेला, 18 प्रसंगांचा. जुनी मराठी, योगाची परिभाषा आणि माणसाच्या आत चाललेल्या लढाईचे लांबलचक रूपक. पहिले चार दिवस दहा ओव्यांपुढे सरकलो नाही. मग मोठ्याने वाचू लागलो. डोळ्यांना न कळलेले पुष्कळसे कानांना कळले. (अम्मीने आतून विचारले, “क्या पढ रा रे?” दुसऱ्या दिवशी ती स्वतःच ऐकायला बसली.)

शेख महंमद स्वतःला ‘अविंध’ म्हणवतात. अविंध म्हणजे कान न टोचलेला. मुसलमानासाठी त्या काळी वापरला जाणारा शब्द. त्याकडे नम्रता म्हणून, जवळजवळ माफीनामा म्हणून पाहायची आपल्याला सवय लागली आहे. मला त्यात माफी दिसली नाही. हा कवी भोंदू गुरूंना झोडपतो, ढोंगी फकिरांनाही सोडत नाही, क्षुद्र दैवतांच्या भजनी लागणाऱ्यांनाही नाही. असा माणूस आपली ओळख सांगतो ती मान खाली घालून नव्हे.

रा. चिं. ढेरे यांचे ‘मुसलमान मराठी संतकवी’ हे पुस्तक नसते तर यातले अनेक कवी मला ठाऊकही झाले नसते. ते ऋण मोठे आहे. पण पुढच्यांनी त्या शीर्षकाचा कायमचा कप्पा करून टाकला. तुकोबांना कोणी ‘हिंदू मराठी संतकवी’ म्हणते का?

आणि आपले काय? आपल्यातले काही म्हणतात, गोविंदाचे नाव घेणारा आपला कसा? काही म्हणतात, आपलाच. वाचलेले दोघांनीही नाही. श्रीगोंद्यातले त्यांचे स्थान दर्गा की मंदिर, यावर तावातावाने भांडणाऱ्यांतल्या किती जणांनी ‘योगसंग्राम’ची चार पाने चाळली असतील?

माझा एकदा वाचून झाला, निम्माच कळला. आता दर रविवारी आम्ही तिघे पुन्हा पहिल्यापासून बसतो आणि अडलेले शब्द एका वहीत उतरवतो. कोणाची प्रस्तावना, कोणाची समीक्षा अजून उघडलेली नाही. ती सगळे प्रसंग संपल्यावर.