जासईचा सब्र

रमजानच्या महिन्यात मशिदीतल्या बयानात वारंवार ऐकू येणारा शब्द म्हणजे सब्र. मराठीत त्याचा अर्थ धीर किंवा संयम असा सांगितला जातो. मात्र घरातला कमावता माणूस अचानक गेला, नोकरी सुटली किंवा डॉक्टरांनी मोठ्या आजाराचे नाव घेतले, की भेटायला येणारे म्हणतात, "सबर करा, अल्लाहची मर्जी." शेजारचे काका म्हणतात, "धीर धरा, देवाची इच्छा." दोघांच्याही मनात कळकळ असते. पण ऐकणाऱ्याच्या कानावर एवढेच पडते, की आता बोलू नका, सोसा. सब्राचा हा अर्थ फार अपुरा आहे.

अरबी भाषेत या शब्दाच्या मुळाशी धरून ठेवणे, रोखून धरणे असा अर्थ आहे. धरून ठेवणे म्हणजे काय, हे पाहायला पनवेल-उरणच्या माणसाला लांब जावे लागत नाही. जासई गाव वाटेवरच आहे. 1970 मध्ये नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन संपादित करण्याचे ठरले. पिढ्यान्‌पिढ्या भातशेती आणि मिठागरांवर जगलेली घरे पाहता पाहता 'प्रकल्पग्रस्त' झाली. योग्य मोबदल्यासाठी लोक उभे राहिले. त्यांचे नेते दि. बा. पाटील याच जासईचे.

16 जानेवारी 1984 रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर पोलिसांचा गोळीबार झाला. नामदेव शंकर घरत आणि रघुनाथ अर्जुन ठाकूर हे दोघे गेले. दुसऱ्या दिवशी पागोटे-नवघर परिसरात पुन्हा गोळ्या चालल्या. तिथे कमलाकर कृष्णा तांडेल, महादेव हिरा पाटील आणि केशव महादेव पाटील यांना प्राण गमवावे लागले. दोन दिवसांत पाच माणसे गेली. जमीन जाणारच होती, आता घरातली माणसेही गेली.

त्या घरांना कोणी 'गप्प बसा' असे सांगितले असते तर? गावे गप्प बसली नाहीत. रडली आणि पुन्हा उभी राहिली. त्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. तिचा लाभ या पाच घरांपलीकडच्या हजारो कुटुंबांना मिळाला. मात्र भूखंड मिळाला म्हणून गेलेला मुलगा किंवा नवरा परत येत नाही. आजही दर जानेवारीत जासई आणि पागोटे येथे हुतात्म्यांना अभिवादन होते. दुःख मिटले नाही. त्याला धरून लोक पुढे चालले.

इस्लामच्या इतिहासातही हेच दिसते. मक्केतल्या तीन वर्षांच्या बहिष्कारानंतर प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या पत्नी हजरत खदिजा (र.) आणि पाठीराखे चुलते अबू तालिब हे दोघेही थोड्याच काळात वारले. त्या वर्षाला 'आमुल हुज्न', म्हणजे दुःखाचे वर्ष, असे नावच पडले. दुःख लपवले गेले नाही, त्याला नाव दिले गेले. पुढे ताइफमध्ये दगड खावे लागले. मदिनेचा रस्ता उघडायला आणखी काही वर्षे जावी लागली. तान्हा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा प्रेषितांचे डोळे भरून आले होते. हजरत याकूब तर मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी गमावून बसले, तरी सब्राचा आदर्श म्हणून त्यांचेही नाव घेतले जाते. अश्रू आणि सब्र यांचे वैर नाही.

रोजाच्या नियमात यापेक्षाही मोठी शिकवण आहे. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा सोडण्याची मुभा आहे. राहिलेले रोजे नंतर, बरे झाल्यावर, पूर्ण करायचे. म्हणजे संकटात सापडलेल्या माणसाकडे धर्मसुद्धा लगेच हिशेब मागत नाही, मुदत देतो. मग नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी घाई का करावी? "यातून काहीतरी चांगलेच होईल," "संकट माणसाला घडवते," ही वाक्ये तिसऱ्याच दिवशी ऐकवणे म्हणजे भाजलेल्या हातावर उपदेशाचा लेप लावणे. संकट माणसाला घडवते तसे मोडतेही. कोण घडेल आणि कोण मोडेल, हे पुष्कळदा त्या वेळी शेजारी कोण उभे होते यावर ठरते.

म्हणूनच रमजानमध्ये सब्राबरोबर जकात आणि सदकाही येतो. कुरआनाने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जाखाली दबलेला माणूसही आहे. काल सुस्थितीत असलेले घर आज अडचणीत येऊ शकते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. असे घर हात पसरत नाही. त्याची अडचण दारावरच्या चपलांवरून नाही, महिनाभर न आलेल्या गॅस सिलिंडरवरून कळते. मुलाची शाळेची फी परस्पर भरणे, दवाखान्यात रात्री थांबणे, विमा-पेन्शनच्या कागदांसाठी कचेरीत सोबत जाणे, ही कामे कोणत्याही धर्माचा शेजारी करू शकतो.

आज संध्याकाळी इफ्तारची ताटे इकडून तिकडे जातील. त्यातले एक ताट अशा घरी जावे, जिथे नुकताच घाव बसला आहे. ताट देणाऱ्याने 'सबर करा' असे म्हणू नये. थोडा वेळ बसावे, ऐकावे आणि उठताना विचारावे, "उद्या कुठे जायचे आहे? मी सोबत येतो."