जुनी मोटारसायकल घेताना



सुगीचा पैसा हाती आला की अनेक घरांत जुनी मोटारसायकल येते. बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. गाडीलाही तोच न्याय लावावा. चॅसिस व इंजिनाचे नंबर आर. सी. पुस्तकाशी ताडून पाहावेत आणि गाडी लगेच आपल्या नावावर करून घ्यावी.

घरी आणल्यावर रंगरंगोटी मागे ठेवा. आधी इंजिन ऑइल बदला, ब्रेकचे लायनर व टायर तपासा. नक्षी झिजलेला टायर ओल्या रस्त्यावर घसरतो. शेतरस्त्याच्या धुळीने एअर फिल्टर तुंबतो व गाडी पेट्रोल जास्त खाते. चेन दर आठवड्याला पुसून तेल द्यावे. बहुतेक गाड्यांत चेनला मधोमध दोन-अडीच सेंटिमीटर खेळ लागतो. सैल चेन उतरते, ताठ चेन लवकर झिजते.

हेल्मेट मात्र जुने घेऊ नका. एकदा आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले, तरी आतला थर्माकोल दबलेला असतो. तो दुसरा मार सोसत नाही. १ जून २०२१ पासून आय. एस. आय. शिक्क्याचेच हेल्मेट विकण्याचा नियम आहे. शिक्का पाहून घ्या व पट्टा हनुवटीखाली बांधा. महागडे जाकीट नको. जाड सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा व घोटा झाकणारे बूट पुरेत. पदर, उपरणे नीट खोचावे, नाहीतर चाकात अडकते.

मागे घरधनीण बसते, तिलाही डोके आहे. म्हणून सौदा ठरवतानाच दोन हेल्मेटांचे पैसे बाजूला काढा.