कॅमेरा आधी कापडावर तपासा

'कोणता कॉम्पॅक्ट घेऊ?' हा प्रश्न भिवंडीतून येतो तेव्हा त्याचे उत्तर पर्यटकाला देतो तसे देऊन चालत नाही. इथल्या व्यावसायिक छायाचित्रकाराला लग्नसराई संपली की तीन प्रकारच्या जागा काम देतात. पहिली शांतीनगर, नागाव, पद्मानगर भागांतले यंत्रमाग कारखाने. दुसरी कापडाचे नमुने टिपून घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या. तिसरी मानकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यातली गोदामे, जिथे मालाची किंवा आगीनंतर नुकसानीची नोंद हवी असते. या सगळ्या ठिकाणी खिशात मावणारा कॅमेरा सोयीचा असतो. मात्र कारखान्यात उत्तम ठरणारा कॅमेरा पेढीवर किंवा गोदामात उत्तम ठरेलच असे नाही. म्हणून आमचे मत सुरुवातीलाच सांगतो: मेगापिक्सेलचा आकडा बाजूला ठेवा आणि आपले सर्वांत अवघड काम कोणत्या उजेडात, कशाच्या समोर होते ते आधी ठरवा.

निवड आता पूर्वीइतकी अफाट राहिलेली नाही. जपानच्या उत्पादक संघटनेच्या, म्हणजे 'सिपा'च्या आकडेवारीनुसार २०१० साली सर्व प्रकारचे मिळून १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्या आत होता. मोबाइलने स्वस्त कॉम्पॅक्ट गिळले. व्यावसायिकाच्या कामाचे उरले ते तीन गट: सोनी आरएक्स१०० आणि कॅनन जी७ एक्स यांसारखे एक इंची सेन्सरचे झूम कॅमेरे, रिको जीआर आणि फुजीफिल्म एक्स१०० यांसारखे एपीएस-सी सेन्सरचे स्थिर लेन्सचे कॅमेरे, आणि ऑलिंपस टीजी-६ किंवा ओएम सिस्टिम टीजी-७ यांसारखे छोट्या सेन्सरचे, पण पाणी-धुळीला दाद न देणारे कॅमेरे.

कारखान्यात पहिला प्रश्न उजेडाचा. दुकानदार एक तर सेन्सर दाखवतो, नाही तर एफ १.८ चा आकडा. दोन्ही एकत्र पाहायला हवेत. सोपा हिशेब असा: सेन्सरचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याला लेन्सच्या सर्वांत मोठ्या ॲपर्चरच्या आकड्याच्या वर्गाने भागा. एक इंची सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे ११६, एपीएस-सीचे सुमारे ३६६, टीजीच्या १/२.३ इंची सेन्सरचे सुमारे २८. म्हणजे एफ १.८ लेन्सच्या जी७ एक्स मार्क ३ ला वाइड टोकाला सुमारे ३६ गुण मिळतात, एफ २.८ च्या जीआर ३ ला ४७, एफ २ च्या एक्स१००व्हीआय ला ९२, आणि टीजी-७ ला अवघे ७. आरएक्स१०० चे सातवे रूप २४ ते २०० मिमी एवढा लांब झूम देते, पण त्याची लेन्स एफ २.८ पासून सुरू होते. तिथे हाच हिशेब १५ वर येतो, आणि पूर्ण झूम केल्यावर ६ च्या खाली. थोडक्यात, झूमची किंमत उजेडात मोजावी लागते. कारखान्यातले काम जास्त असेल तर लांब झूमच्या मोहात पडू नका.

दुसरी अडचण लुकलुकीची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले तर प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. १/२५० वर गेलात की एक फोटो उजळ, दुसरा पिवळट. स्वस्त एलईडी तर कधी कधी वेगळ्याच गतीने लुकलुकतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर वापरले की फोटोवर आडवे पट्टे येतात. म्हणून कारखान्यात मेकॅनिकल शटरच वापरा. आवाज न करणारे शटर ही जाहिरातीतली मोठी गोष्ट असली, तरी मागांच्या खडखडाटात त्याचा उपयोग शून्य.

धोटा सेकंदाला दहा मीटरच्या आसपास धावतो. १/१०० सेकंदात तो दहा सेंटिमीटर सरकलेला असतो, म्हणजे फोटोत त्याची रेघ दिसणार. ती दिसू द्या. माग चालू आहे हे तीच सांगते. धोटा थिजवायचाच असेल तर फ्लॅश लागेल. इथे कॉम्पॅक्टची एक जमेची बाजू आहे: यांपैकी अनेकांत लेन्सच्या आतच पानांचे शटर असते, त्यामुळे १/१००० सेकंदालाही फ्लॅश जुळतो. पण माग चालवणाऱ्याला आधी सांगितल्याशिवाय फ्लॅश मारू नये. त्याचा हात आणि डोळा दोन्ही धावत्या यंत्रापाशी असतात. त्याच कारणासाठी गळ्यातला लांब पट्टा काढून मनगटाची दोरी लावा. फिरत्या पट्ट्याजवळ लोंबणारी कोणतीही वस्तू धोक्याची. ट्रायपॉडही फारसा कामाचा नाही. जमीनच थरथरत असते आणि ती थरथर तिन्ही पायांतून कॅमेऱ्यात चढते. कोपर अंगाशी घट्ट धरून, स्थिरीकरण चालू ठेवून हातात धरलेला कॅमेरा तिथे अधिक भरवशाचा.

तूस हा भिवंडीतल्या कॅमेऱ्याचा खरा शत्रू. पुढे-मागे सरकणारी लेन्स प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढते, आणि कॉम्पॅक्टचा सेन्सर लेन्स काढून पुसता येत नाही. कॅमेरा उघडावाच लागतो. जीआरची लेन्सही चालू करताना बाहेर येते, त्यामुळे झूम नाही म्हणून तो सुरक्षित, असे समजू नका. एक्स१००व्हीआय ला जोडकडी आणि फिल्टर लावला तर धूळ आणि तुषारांपासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. टीजी मुळातच बंद बांधणीचा. कारखान्यात कॅमेरा एकदाच चालू करा, काम संपल्यावर बाहेर येऊनच बंद करा, आणि लेन्सवरची तूस कापडाने न पुसता हवेच्या फुग्याने उडवा.

पेढीवर गणित बदलते. तिथे उजेड आपल्या हातात असतो, अडचण धाग्याची. समजा, कापडात इंचाला ७६ उभे धागे आहेत. एक मीटर पन्ना फ्रेमभर घेतला तर त्यात सुमारे ३००० धागे आले. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल. म्हणजे धाग्याला बरोबर दोन पिक्सेल, आणि हीच ती सीमा जिथे कॅमेऱ्याला धागे नीट मोजता येत नाहीत. मग कापडात नसलेल्या लाटा आणि रंगीत पट्टे फोटोत उमटतात, ज्याला आपण मोआरे म्हणतो. खरेदीदाराला ते विणकामातला दोष वाटतात. २० मेगापिक्सेलला हे प्रमाण १.८ पिक्सेल, ४० मेगापिक्सेलला सुमारे २.६. जास्त पिक्सेल घेतले म्हणजे लाटा गेल्या असे नाही. बारीक सुताच्या कापडावर त्या पुन्हा येतात.

उपाय कॅमेऱ्याइतकेच हाताळणीत आहेत. अर्धा मीटर फ्रेममध्ये घ्या, म्हणजे धाग्याला चार पिक्सेल मिळतील. एक इंची कॅमेऱ्यावर एफ ११ लावा. तिथे लेन्सच बारीक तपशील इतका मऊ करते की लाटा जवळजवळ नाहीशा होतात, थोडी धार मात्र जाते. जीआर ३ मध्ये सेन्सर सूक्ष्म हलवून मोआरे कमी करण्याची सोय आहे. ती मेनूत शोधून वापरा. ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाच्या फिकट पिवळसर रंगाने स्वयंचलित व्हाइट बॅलन्स फसतो आणि कॅमेऱ्याचा प्रकाशमापक कापड काळवंडवतो. म्हणून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवता येणारा आणि एक्स्पोजर भरपाईची वेगळी चकती असलेला कॅमेरा पेढीवर दहा मेगापिक्सेलपेक्षा मोलाचा. धागे मोजण्यासाठी मात्र गुणांत तळाशी असलेला टीजीच पुढे: तो लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस करतो, आणि रीड-पिकचा, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांच्या संख्येचा वाद स्क्रीनवर मिटतो.

गोदामात तिसरी कसोटी. आग विझवल्यावर आत पाणी, राख आणि काळोख असतो. तिथे टीजीसारखा कॅमेरा टिकतो आणि जीपीएसने जागाही नोंदवतो. रॅकच्या अरुंद गल्लीत २४-२५ मिमीचा कोन लागतो, जीआरचा २८ किंवा एक्स१०० चा ३५ अपुरा पडतो. शिवाय असे फोटो पुढे न्यायालयात जाऊ शकतात. जालना विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की मूळ उपकरणच हजर केले नाही, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या नमुन्यात उपकरणाचे मॉडेल, अनुक्रमांक आणि फाइलचे हॅश मूल्यही विचारले जाते. म्हणून कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर ठेवा, मूळ फाइल न छाटता जपा आणि पक्के बिल घ्या. मुंबईच्या बोरा बाजारात विनाबिलाचा कॅमेरा काही हजारांनी स्वस्त मिळेलही, पण वॉरंटी आणि मालकीचा पुरावा दोन्ही त्यात जातात.

मग घ्यायचा कोणता? मुख्य काम कारखान्याचे असेल तर एक्स१०० किंवा जीआर, पेढी आणि कारखाना दोन्ही सांभाळायचे असतील तर एफ १.८ चा एक इंची झूम, गोदाम-सर्व्हे हाच धंदा असेल तर टीजी. तिन्ही कामे एकाच कॅमेऱ्यावर पेलण्याच्या हट्टापायी लांब झूमचा महागडा कॅमेरा घेण्यापेक्षा एक इंची झूम आणि जुना टीजी-६ ही जोडी अधिक कमाई करून देईल, असे आमचे मत आहे. खरेदीला जाताना ग्रे कापडाचा मीटरभर तुकडा, स्वतःचे कार्ड आणि एक स्वस्त एलईडी दिवा बरोबर न्या. दुकानातच कापडाचे वीस फोटो काढा, घरी मोठ्या पडद्यावर पाहा, आणि मगच पैसे द्या. अशी चाचणी करू न देणाऱ्या दुकानात व्यावसायिकाने खरेदी करू नये.