चौसष्ट विटांचा हिशेब

विस्मरणाची शंका घेऊन वयस्क रुग्ण दवाखान्यात आले, की आम्ही डॉक्टर त्यांना काही ठरावीक प्रश्न विचारतो. आजचा वार कोणता, आपण कोठे बसला आहात, मघाशी सांगितलेले तीन शब्द आठवतात का. त्यांतलाच एक प्रश्न असा : शंभरातून सात वजा करा, आलेल्या उत्तरातून पुन्हा सात वजा करा, आणि असेच पुढे जा. प्रश्न उपयुक्त आहे. मात्र गेल्या पावसाळ्यात तो मी चुकीच्या वेळी आणि चुकीच्या रीतीने विचारला. ती चूक आज आपल्यापुढे मांडतो आहे.

रुग्ण शहात्तर वर्षांचे. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून सारी नोकरी झालेली. पंचक्रोशीतील कितीतरी बांध त्यांच्या मोजणीने ठरलेले. पत्नीच्या निधनानंतर ते अबोल झाले होते आणि दोनदा विजेचे बिल दोन वेळा भरून आले होते, म्हणून मुलगा त्यांना घेऊन आला. बाहेर रुग्णांची रांग होती. मी मुलासमोरच भराभर प्रश्न विचारले. त्र्याण्णव, शहाऐंशी, इथपर्यंत काका आले आणि थांबले. ‘‘बाबा, एवढं साधं!’’ मुलगा म्हणाला. मी कागदावर खूण केली, तपासण्या लिहून दिल्या आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

दोन महिन्यांनी काका पुन्हा आले, तेव्हा त्यांचे वजन तीन किलोने घटले होते. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले होते, डाव्या कानाने ऐकू येत नव्हते आणि मन खचलेले होते. या तिन्ही गोष्टींनी हिशेब चुकू शकतो. त्यांवर उपचार सुरू केले. पण मी मुलाला क्षणभर बाहेर बसायला सांगितले, तेव्हा काका जे बोलले ते कोणत्याही तपासणीत आले नसते. ‘‘डॉक्टर, त्या दिवसापासून पासबुक माझ्याकडे नाही. वाण्याची वहीसुद्धा सूनबाई बघते. मला मोजता येत नाही, असं तुम्हीच लिहून दिलंत ना?’’

मी तसे लिहिले नव्हते. पण घरातल्यांनी ते तसेच वाचले होते आणि त्याला मी जबाबदार होतो.

नात आणि तिची वही

दिवाळीच्या सुट्टीनंतर काका तपासणीला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर चौथीत शिकणारी नात होती. तिच्या वहीत चौकटी आखलेल्या होत्या. शाळेच्या मागच्या अंगणात परसबाग करायची होती. पोषण आहाराच्या स्वयंपाकाला थोडी भाजी मिळावी आणि मुलांचे गणितही व्हावे, म्हणून बाईंनी बागेची आखणी मुलांवरच सोपवली होती. बांधकामातून उरलेल्या चौसष्ट विटा होत्या. त्या कडेने लावून जास्तीत जास्त चांगला वाफा कसा करायचा, हा प्रश्न होता.

‘‘एक वीट नऊ इंच,’’ काका माझ्यासमोरच म्हणाले, ‘‘म्हणजे पाऊण फूट. चौसष्टांची पाऊणपट शेहेचाळीस.’’ नात बोटे मोडत म्हणाली, ‘‘नाही आजोबा, चार विटांचे तीन फूट. चौसष्टमध्ये चार सोळा वेळा. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस.’’ मी धसकून काकांकडे पाहिले. काका हसत होते. ‘‘बरोबर. माझं चुकलं. उद्या विटा मांडून मोजू.’’

वाचकहो, माझ्या टेबलासमोर चुकलेल्या वजाबाकीने ज्या माणसाला दोन महिने गप्प केले, तोच माणूस इथे चुकून हसला. या फरकाने मला विचारात पाडले. एका शनिवारी सकाळी मी ती बाग पाहायला गेलो.

अंगणातले गणित

कडेची लांबी अठ्ठेचाळीस फूट ठरलेली. मुलांनी तीन आकार काढले होते. बारा फूट बाय बारा फूट : क्षेत्रफळ १४४ चौरस फूट. सोळा बाय आठ : १२८. वीस बाय चार : अवघे ८०. विटा तेवढ्याच, घेर तोच, पण जागा कमी-अधिक. परिमिती आणि क्षेत्रफळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाठ्यपुस्तकातून कळायला जड जाते. इथे ते डोळ्यांना दिसत होते. साहजिकच मुलांनी १४४ ला कौल दिला.

काका खुर्चीवर बसले होते. त्यांनी उत्तर सांगितले नाही. एका मुलीला आखलेल्या चौकोनाच्या कडेला बसवले आणि म्हणाले, ‘‘मधल्या रोपाचं तण काढ बघू.’’ तिचा हात दोन फुटांपलीकडे जाईना. आत पाय टाकावा, तर माती तुडवली जाणार. दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट हात पोहोचतो, म्हणजे वाफ्याची रुंदी चार फुटांहून अधिक नको. सर्वांत मोठी जागा म्हणजे सर्वांत चांगली बाग नव्हे, हे मुलांनी आपल्या हातांनी मोजून ठरवले. वीस बाय चार पक्के झाले. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट, १०८९ चौरस फूट. नुसत्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने त्यात असे तेरा वाफे होऊन थोडी जागा उरेल, ही भर काकांची.

मग कोपरे. गवंडी ज्याला ‘गुण्यात घेणे’ म्हणतात, ते काकांनी दोरीने करून दाखवले. दोरीवर समान अंतरावर खुणा करून बारा भाग पाडायचे. तीन, चार आणि पाच भागांच्या बाजूंचा त्रिकोण ताणून धरायचा. तीन आणि चार भागांच्या बाजू मिळतात तिथे काटकोन. यज्ञवेदींच्या मापांच्या ग्रंथांना ‘शुल्बसूत्रे’ म्हणतात आणि शुल्ब म्हणजे दोरीच, हे ऐकून बाईंनाही नवल वाटले.

टोमॅटोची ओळ नऊ फुटांची, दोन रोपांत अंतर दीड फूट. रोपे किती? सगळी मुले म्हणाली, सहा. काकांना दीडकी अजून पाठ होती; तेही म्हणाले, सहा. लावायला घेतल्यावर सातवे रोप हवे झाले. अंतरे सहा, रोपे सात! चुकले सगळेच, पण कोणाच्या वहीवर लाल फुली पडली नाही. चूक जमिनीवर दिसली आणि एक रोप आणून दुरुस्त झाली.

मला वाटते, बागेतल्या गणिताचे खरे मोल इथे आहे. तिथे चूक माणसाची ठरत नाही, मापाची ठरते. नऊ वर्षांच्या मुलाला याची जितकी गरज आहे, तितकीच शहात्तराव्या वर्षी आहे.

हा विचार जुनाच आहे. फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले आणि मुलांना खरोखरचे वाफेही दिले. वर्ध्याला १९३७ मध्ये नई तालीमची मांडणी झाली, तिचा गाभाही हाताच्या कामातून शिक्षण हाच होता. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दीडकी घोकली असेल. ते भांडार नातवंडांपाशी नाही. ते द्यायला अंगणासारखी दुसरी जागा नाही.

आजी-आजोबांनो, काळजी एवढी घ्या

बागेची वेळ सकाळची, ऊन चढण्यापूर्वीची. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल, तर न्याहारी केल्याशिवाय निघू नये. खिशात साखर असावी. पाय झाकणारे पादत्राण हवेच. बधिर पायाला काटा टोचल्याचे कळत नाही. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वाकलेल्या स्थितीतून एकदम उभे राहू नये. आधी बसावे, मग उठावे. उकिडवे बसण्याऐवजी स्टूल घ्यावे. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी लागते. शेवटची कधी घेतली ते आठवत नसेल, तर डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर कोयता-विळ्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. काम संपताच आपले आणि मुलांचे हात साबणाने धुवावेत.

आणि सांभाळ करणाऱ्यांनो,

एका चुकलेल्या वजाबाकीवरून कोणाला स्मृतिभ्रंश झाला असे ठरत नाही. ऐकू कमी येणे, उदासी, बी-१२ ची किंवा थायरॉईडची कमतरता, काही औषधे, नुसती भीती, यांनीही उत्तर अडते. मात्र रोजचे व्यवहार महिनोन्‌महिने अधिकाधिक चुकत असतील, तर तपासणी टाळू नका. आणि बोलणे, हिशेब किंवा हाताची हालचाल अचानक बिघडली, तर तो पक्षाघात असू शकतो. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

पैशांची फसवणूक होऊ नये म्हणून बँकेच्या व्यवहारावर लक्ष ठेवणे योग्यच आहे. पण सगळाच हिशेब हातातून काढून घेऊ नका. दुधाचा, भाजीचा, निदान वाफ्यातल्या रोपांचा हिशेब त्यांच्याकडे राहू द्या. चुकला तर सर्वांसमोर ‘एवढं साधं’ म्हणू नका. बरोबर बसून पुन्हा मोजा.

काका बरे झाले, असे मी म्हणणार नाही. शेजाऱ्याचे नाव अजून त्यांना आठवत नाही आणि पुढे काय होईल, हे पुढच्या तपासण्या सांगतील. पण वजन भरून आले आहे आणि ते शनिवारची वाट पाहतात. मुलाने वाण्याची वही त्यांना परत दिली. महिनाअखेरीस दोघे मिळून बेरीज करतात. शंभरातून सात मी अजूनही विचारतो. फक्त आता आधी दार लावून घेतो, रुग्णाच्या ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला बसतो, आणि उत्तर अडले तर थांबतो.