'गॅश', 'घाव' आणि आपला फुकटचा अभिमान

मंडळी, 'जगातल्या सगळ्या शब्दांचं मूळ संस्कृत' हा आपल्याकडचा लाडका छंद. त्यातला ताजा नमुना ऐका: इंग्रजी 'गॅश', म्हणजे खोल, लांबट जखम, हा म्हणे आपल्या 'घाव'वरून तिकडे गेला. का? तर सुरुवात सारखी वाटते आणि अर्थही जुळतो. झालं, लागला निकाल!

अहो, पण पुरावा? बग कुठून आला ते शोधायला आम्ही कोडच्या जुन्या आवृत्त्या एकेक करून उघडतो. शब्दांचंही तसंच असतं. 'गॅश' हे रूप सोळाव्या शतकातलं. त्याआधी इंग्रजीत तो 'गार्स' होता, मधला 'र' पुढे गळाला. त्याच्या मागे उत्तर फ्रान्सच्या जुन्या बोलीतलं 'गार्सर', म्हणजे कातडीला चिरा पाडणं. कोशकार त्याचं मूळ ग्रीक 'खरासेइन'पर्यंत नेतात, म्हणजे कोरणं. 'कॅरेक्टर' हा शब्दही त्यातूनच आलेला. म्हणजे आम्ही स्ट्रिंगमध्ये मोजतो ती कॅरेक्टरं या जखमेची भावंडं! 'घाव' मात्र आला संस्कृत 'घात'वरून. त्यात हा 'र' कुठून आणणार?

नुसत्या साम्यावर जायचं तर 'बदनाम' बघा. हा फारसी शब्द. त्यातला 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' जुळे वाटतात, पण नातं शून्य. 'नाम' आणि 'नेम' मात्र खरंच एका घराण्यातले. आणि 'दंत' व 'टूथ' ऐकायला कुठेच जुळत नाहीत, तरी तेही नात्यातले!

कुणी म्हणेल, वाटला थोडा अभिमान, बिघडलं कुठं? बिघडतं हो. अशा थापा मारल्या की खरी नाती सांगितली तरी लोक हसतात. शिवाय घरचं सोनं तसंच पडून राहतं. 'गॅश'ला आपल्याकडे झकास शब्द आहे: खोक. 'पोराच्या कपाळाला खोक पडली' म्हटलं की चित्र उभं राहतं. आपण लिहितो मात्र 'खोल जखम'. आणि सुश्रुतसंहितेत तर आघाताच्या जखमांचे सहा प्रकार दिलेत: छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित, घृष्ट. यातले किती माहीत होते?

अभिमान बाळगायचाच तर याचा बाळगा की राव. दुसऱ्याच्या शब्दावर आपलं नाव कशाला कोरायचं?