वीज परत येते तेव्हा

या महिन्याचा अंक कार्यशाळेतल्या युक्त्यांचा आहे. त्यातली एक युक्ती आम्ही मुद्दाम गाळली आहे. ती तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे: फरशी कापायचा चार इंची कटर घ्यायचा, त्याला लाकडाची दातेरी चकती लावायची, वरचा संरक्षक पत्रा काढून टाकायचा, प्लायवूडच्या फळीखाली यंत्र उलटं कसायचं आणि बटण केबल टायने आवळून ठेवायचं. झालं टेबल सॉ.

मी वाशीमचा. आमच्या जिल्ह्यात वाद्य म्हटलं की पोहरादेवीचा नगारा आठवतो. गिटारसाठी इकडे कोणी येत नाही. भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करता करता मी गिटार बांधायला लागलो आणि असंच एक टेबल मीही केलं. त्यावर सागाच्या दांड्या कापत असताना एका मे महिन्यात वीज गेली. चकतीशेजारी अडकलेली ढलपी काढायला मी हात घातला आणि वीज आली. बटण तर मीच बांधून ठेवलेलं होतं. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तारा दाबायची तीच बोटं, फ्रेटची धार चाचपायचीही तीच.

हिशेब करून पाहा. ११० मिलिमीटरची चकती मिनिटाला १२,००० फेरे घेते, म्हणजे तिचा दात ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने फिरतो. लाकडात ताण असेल तर कापलेली फट मागून मिटते आणि चकतीला चिमटा बसतो. मागचे दात वर येत असतात. ते फळी उचलतात आणि तुमच्या पोटावर फेकतात. चांगल्या टेबल सॉला चकतीमागे एक पातळ पोलादी पट्टी असते, ती फट मिटू देत नाही. उलट्या कटरला ती नसते. म्हणून फळ्या आरामशीनवर उभ्या चिरून आणा आणि पुढचं काम रंध्यावर करा. स्वतःचं यंत्र घ्यायचंच असेल तर छोटा बँडसॉ घ्या. त्याचं पातं लाकूड खाली टेबलावर दाबतं, माणसाकडे भिरकावत नाही.

युक्तीला माझा विरोध नाही. आपला सगळा धंदाच युक्त्यांवर उभा आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी सतार-तंबोरे घडवायला घेतले. फरीदसाहेबांचं नाव त्यात आधी घेतात. त्या कामाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला साधा सुती धागा सगळा नाद उघडतो. याहून स्वस्त आणि याहून हुशार युक्ती मला माहीत नाही.

युक्ती पारखताना मी एकच पाहतो: लाकूड कोण धरतंय? साचा पक्का बसवायचा असेल तर साच्याला एक आणि लाकडाला एक अशी मास्किंग टेप लावा, दोन टेपांच्या पाठी फेविक्विकने जोडा. राउटर फिरवताना काही हलत नाही, काम संपल्यावर दोन्ही टेप सोलून निघतात, लाकडाला गोंदाचा डागही लागत नाही. गिटारच्या कडेची पट्टी चिकटवताना सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब फीत कापून घट्ट गुंडाळा. वळणावर तिच्याइतका सारखा दाब कुठलाही शिकंजा देत नाही. फ्रेटची खाच सारख्या खोलीची हवी असेल तर करवतीच्या गालाला लाकडाची पट्टी स्क्रूने कसा. तिन्ही ठिकाणी बोटं मोकळी राहतात.

तबलीच्या आतल्या पट्ट्या चिकटवायला बांबूच्या कामट्यांची युक्ती मला फार आवडते. टेबलावर एक फळी, वर दुसरी पक्की फळी आणि मधे वाकवलेल्या कामट्या. वीस-पंचवीस शिकंज्यांचं काम फुकटात होतं. पण वाकलेली कामटी म्हणजे ताणलेलं धनुष्य असतं. निसटली तर डोळ्याच्या उंचीवरच सुटते. चष्मा घातल्याशिवाय एकही कामटी लावू नका.

धुळीबद्दल आपण फार बेफिकीर आहोत. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकली आहे. शिसवीच्या धुळीने काहींच्या हातांना पुरळ येतं, आणि एकदा सुरू झालं की थोड्या धुळीनेही परत येतं. पॉलिश पेपरच्या आधी जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा धार लावून वापरा. त्याने भुसा उडत नाही, तलम साल निघते. आणि हातमोज्यांचं म्हणाल तर फिरत्या चकतीजवळ ते नकोतच. मोजा अडकला की हात आत ओढला जातो.

विदर्भात जवस पिकतं, त्यामुळे जवसाचं तेल आपल्याकडे सहज मिळतं आणि शिसवीवर ते सुंदर चढतं. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं. पत्र्याच्या शेडखाली, मेमधल्या उन्हात, तो बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर दोरीवर एकेक करून वाळत घाला, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

आता पुन्हा विजेकडे येतो. विहिरीच्या मोटारीला असतो तसा हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर आपल्या गावोगावी मिळतो, तो बसवणारा वायरमनही मिळतो. वीज गेली की त्याच्या आतलं चुंबक सुटतं. वीज आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. यंत्राला पेलेल असा सिंगल फेज स्टार्टर बँडसॉला, ड्रिलला, ग्राइंडरला, सगळ्यांना लावून घ्या. शेतातल्या मोटारीला, रात्री-बेरात्री वीज आली की पाणी आपोआप सुरू व्हावं म्हणून जो ऑटो जोडतात, तो इथे जोडू देऊ नका. वायरमन सवयीने विचारेल. त्याला नाही म्हणा, आणि जोडणी झाल्यावर त्याच्यासमोरच मेन स्विच पाडून परत चालू करून पाहा.